उपजेचा धनी : गानसम्राट अल्लादियाखाँ

कोल्हापूर दरबारचे गायक आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत पैगंबरवासी झाले, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी गाठली होती. हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले. त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान असलेल्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या मुद्रिका त्याच दशकात निघाल्या. म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांना स्वतःचा आवाज मेणावर वा लाखेवर उमटवून ठेवण्यासाठी चांगली चव्वेचाळीस वर्षे मिळाली होती. त्यांनी तसे केले नाही. गानसम्राट म्हणून ज्यांचे नाव महाराष्ट्र आजही कानाची पाळी धरून घेतो, त्यांच्या गाण्याची एकही तबकडी उपलब्ध नाही.

हा विरोधाभास नीट पाहिला पाहिजे. ज्या गायकाचे सारे मोठेपण मैफलीत आयत्या वेळी सुचणाऱ्या गाण्यात होते, त्याचे ते गाणे त्या त्या रात्रीबरोबर विरून गेले. उरले ते शिष्यांच्या गळ्यांत, जाणत्यांच्या आठवणींत आणि बंदिशींच्या वह्यांत. तरीही या गायकीची ओळख पुसली गेली नाही. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर हे तीन आवाज एकमेकांहून पूर्णतः भिन्न असूनही त्यांतला रक्ताचा संबंध साध्या श्रोत्यालाही कळतो. जे आयत्या वेळी सुचते ते वारशाने देता येते काय, हा प्रश्न खाँसाहेबांच्या चरित्राइतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणाच्या चरित्रातून पुढे येत असेल.

इंग्रजीत या क्रियेला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘पूर्वी न पाहिलेले’ हा अर्थ आहे. आपल्याकडचा शब्द निराळा आहे. आपण त्याला उपज म्हणतो. उपज म्हणजे उगवण, पीक. पीक आभाळातून पडत नाही. त्याला बियाणे लागते, मशागत केलेली जमीन लागते आणि मग पाऊसपाण्याची अनिश्चितता लागते. पहिल्या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या हाती असतात, तिसरी नसते. ख्यालगायनात बंदिश हे बियाणे आणि तालीम ही मशागत. त्या दिवशीचा आवाज, तबलजीचा हात, समोरची बैठक हे हवामान. एकाच बीजातून दरवर्षी नवे पीक यावे तशी एकाच बंदिशीतून दर मैफलीत नवी बढत यावी, ही अपेक्षा या एका शब्दात सामावलेली आहे. खाँसाहेबांचे आयुष्य समजून घेण्यास हा शब्द फार उपयोगी पडतो.

त्यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. घराणे मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे. आपले पूर्वज शांडिल्य गोत्री गौड ब्राह्मण होते आणि पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला, अशी या घराण्यात परंपरेने चालत आलेली समजूत होती. खाँसाहेब ती अभिमानाने सांगत. वडील ख्वाजा अहमदखाँ हेही गवई होते, पण ते लवकर निवर्तले. मुलाच्या तालमीचा भार चुलते जहाँगीरखाँ यांच्यावर आला. त्यांनी पुतण्याला आधी धृपद दिले, तेही वर्षानुवर्षे, आणि मग ख्याल. शेकडो धृपदे, शेकडो ख्याल, अपरिचित रागांची अस्ताई-अंतऱ्यांसह माहिती अशी ही पेरणी होती. ज्याला पुढे नवनिर्मितीचा बादशहा म्हणावयाचे, त्याची पहिली वर्षे केवळ पाठांतरात गेली, ही गोष्ट आजच्या झटपट मंचावर चढणाऱ्या पिढीने आवर्जून ध्यानात घ्यावी अशी आहे.

त्या काळचे जयपूर म्हणजे गवयांची पंढरी होती. महाराजांच्या गुणिजनखान्यात गायक, बीनकार, पखवाजी, नर्तक अशी मोठी मांदियाळी नांदत होती. तेथे तरुण अल्लादियांच्या कानी पडलेल्या आवाजांत एक आवाज कायमचा रुतून बसला. तो मुबारक अलीखाँ यांचा. हे ग्वाल्हेरच्या सुप्रसिद्ध बडे महंमदखाँचे पुत्र. त्यांची तान सरळ वर जाऊन सरळ खाली येत नसे. ती वळणे घेत, स्वतःलाच वेढे देत पुढे सरके आणि ऐकणाऱ्याला तिचा पुढचा पल्ला ओळखता येत नसे. खाँसाहेबांनी त्यांची रीतसर तालीम घेतली नाही, पण आपल्या गाण्यावरील त्यांचे ऋण ते मान्य करीत. धृपदाची लयबद्ध, भक्कम बैठक आणि ही अनपेक्षित वळणांची तान, अशा दोन गोष्टी त्यांच्यापाशी जमा झाल्या होत्या. परंतु त्या अजून एकत्र आल्या नव्हत्या.

त्या एकत्र आल्या एका आपत्तीमुळे, असे सांगितले जाते. माळव्यातील आमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात खाँसाहेबांचा मुक्काम होता. तेथील अधिपतींना गाण्याचे विलक्षण वेड होते आणि त्यांच्या हौसेखातर खाँसाहेबांना दिवसचे दिवस, रात्रीच्या रात्री गावे लागले. तरुण, गोड, पल्लेदार म्हणून नावाजलेला तो आवाज त्या ताणाखाली बसला. नुसता बसला नाही, कित्येक महिने उठलाच नाही. गवयाचा आवाज जाणे म्हणजे पैलवानाचा हात निकामी होणे. कुटुंबाची जबाबदारी, दरबारातले स्थान, तोवरचा नावलौकिक, सारेच पणाला लागले. अशा प्रसंगी कित्येकांनी गाणे सोडून शिकवण्याचा वा वाद्याचा मार्ग धरला असता.

हळूहळू आवाज परतला तो जाड आणि जड होऊन. पूर्वीचा मधुर पल्ला काही परत आला नाही. जुन्या आवाजासाठी बसवलेले गाणे या नव्या आवाजाला पेलणारे नव्हते. तेव्हा खाँसाहेबांनी आवाजाच्या मागे धावणे सोडले आणि त्याला झेपेल असे गाणे घडवावयास घेतले. लांब पल्ल्याच्या, वेगवान सपाट तानेच्या जागी लहान लहान स्वरगुच्छांची, एकमेकांत गुंतलेल्या वळणांची तान आली. निव्वळ गोडव्यावर तोलून धरावयाच्या स्वराच्या जागी लयीच्या अंगाने पुढे सरकणारा, एका स्वरातून दुसऱ्यात घुमत जाणारा आकार आला. मुबारक अलीखाँची वळणे आता नव्या कामी आली आणि धृपदाची लय त्यांखाली जोत्यासारखी उभी राहिली.

ही हकिगत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, आवाज बिघडला म्हणून गायकी जन्माला आली असे सोपे समीकरण रूढ झाले आहे. मला ते अपुरे वाटते. आवाज बिघडलेले गवई काही थोडे झाले नाहीत. त्यांतून नवी गायकी निघाल्याचे उदाहरण विरळा. एक वाट बंद झाली तेव्हा दुसरी काढता आली, कारण दुसऱ्या वाटेचे सारे सामान त्या माणसापाशी आधीच भरलेले होते. जहाँगीरखाँनी पाठ करवून घेतलेली ती धृपदे नसती, तर आमलेट्यानंतर अल्लादियाखाँ हे नाव एखाद्या बखरीच्या तळटीपेत राहिले असते. संकटाने उपज होत नाही, फार तर संकट उपजेला भाग पाडते.

१८९५ च्या सुमारास खाँसाहेब कोल्हापुरी आले. छत्रपती शाहू महाराजांना राज्याधिकार मिळून जेमतेम वर्ष झाले होते. महाराजांनी त्यांना दरबार गायक म्हणून ठेवून घेतले आणि पुढली पाव शतकाहून अधिक वर्षे कोल्हापूर हे खाँसाहेबांचे घर झाले. धाकटे बंधू हैदरखाँ सोबत होते, मुले येथेच वाढली. पुढे त्यांचे पुत्र भुर्जीखाँ अंबाबाईच्या मंदिरात गानसेवा करीत. उत्तरेकडील एक मुसलमान गवयी घराणे करवीरात असे रुजले की, त्याला परके म्हणणे कोणाच्या मनातही येईना.

शाहू महाराजांचे कोल्हापूर हे गाण्याइतकेच कुस्तीचेही गाव होते, आणि उपज म्हणजे काय हे त्या गावाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. तालमीत पैलवान एकेक डाव शेकडो वेळा घोटतो. पण खासबागेच्या मैदानात जोड समोर उभी ठाकली की, कोणता डाव केव्हा टाकावयाचा हे कोणी लिहून दिलेले नसते. समोरच्याच्या अंगाचा भार कोठे आहे, त्याचा श्वास कसा चालला आहे, हे पाहून क्षणात निर्णय होतो. विचार करीत बसणारा चीतपट होतो आणि विचाराविना धावून जाणाराही होतोच. कीर्तनातल्या बुवांचेही तसेच. पूर्वरंगाचा अभंग घरून ठरवून आणता येतो, पण समोर पेंगणारी म्हातारी आणि कुजबुजणारी पोरे बसली असता आख्यान कोठे लांबवावयाचे आणि कोठे आवरावयाचे, हे ऐनवेळी ठरते. रसिकांना हे सारे ठाऊक असलेल्या मुलखात खाँसाहेबांचे गाणे फुलले.

त्या गाण्याची थोडी फोड करणे आवश्यक आहे. खाँसाहेब बहुधा त्रितालात, मध्यलयीकडे झुकणाऱ्या विलंबितात गात. अतिविलंबित लयीत गायकाला ताल विसरून स्वरात रमण्याची मुभा मिळते. खाँसाहेबांच्या लयीत ती नाही. सोळाच्या सोळा मात्रा कानाशी जागत्या असतात आणि प्रत्येक मात्रेच्या पोटात तिचे चार भाग खेळत असतात. बढत करावयाची ती या जाळीतूनच. बंदिशीचा मुखडा घेऊन सम गाठली की, गायक नवे आवर्तन सुरू करतो. पहिल्या काही मात्रांत एखादा विचार मांडतो, मधल्या मात्रांत तो उलगडतो आणि मुखड्याची जागा जवळ येऊ लागली की, तो विचार अर्धवट न टाकता, घाई न करता समेशी नेऊन पोहोचवतो. सम आली हे कळते, पण ती कशी आली हे कळत नाही. पुढच्या आवर्तनात तोच विचार एक पायरी वर चढलेला असतो.

या गायकीत सरगमेला आणि तिहाईला फारसे स्थान नाही, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. तिहाईचा हिशेब आधी मांडून ठेवता येतो. टाळ्या हमखास मिळतात, पण त्या पाठांतराला मिळतात. खाँसाहेबांच्या पद्धतीत गायकाजवळ अशी राखीव शिबंदी नसते. समेवर येण्याची जबाबदारी दर आवर्तनाला नव्याने येते आणि ती तेथल्या तेथेच पार पाडावी लागते. म्हणून या घराण्याच्या गाण्याला बौद्धिक म्हणण्याचा प्रघात पडला. वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली आणि जयपूर घराण्याला या दोहोंच्या समतोलाचे स्थान दिले. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण हा समतोल मात्र बहुतेकांनी मान्य केला.

रागांच्या निवडीतही तीच वृत्ती दिसते. नटकामोद, बसंतीकेदार, सावनी, खोकर, बिहागडा, रायसा कानडा, संपूर्ण मालकंस ही नावे आज या घराण्याची म्हणून ओळखली जातात. मालकंस हा पाच स्वरांचा राग आहे, त्यात रिषभ आणि पंचम वर्ज्य. हे दोन्ही स्वर घेऊनही मालकंसाची मुद्रा ढळू द्यावयाची नाही, हे संपूर्ण मालकंसातले आव्हान. बसंतीकेदारात तर दोन वेगळ्या थाटांचे राग एका घरात नांदवावयाचे. बसंताचा कोमल रिषभ आणि केदाराचा मध्यम यांच्यामधला सांधा कोठे लपवावयाचा, हे प्रत्येक आलापात नव्याने ठरवावे लागते. दोन आवर्तने बसंत आणि दोन आवर्तने केदार असे गाणे कोणासही जमेल. सांधा दिसू न देता एकाच स्वरवाक्यात दोहोंचा भास निर्माण करणे, ही खरी परीक्षा. यांतले काही राग खाँसाहेबांनी जुन्या परंपरेतून आणून प्रचारात रूढ केले, तर काहींना त्यांच्याच प्रतिभेने आजचे रूप दिले. या दोहोंमधली रेघ आज नेमकी ओढता येत नाही.

या अनवट विद्येला एक दुसरी बाजूही होती आणि तिच्याकडे आदरापोटी डोळेझाक करणे बरे नव्हे. खाँसाहेब विद्या हात राखून देत, असा त्यांच्याविषयी प्रवाद होता. रागांची नावे विचारली तरी सांगावयाची नाहीत, बंदिशी जपून ठेवावयाच्या, ध्वनिमुद्रण नाकारावयाचे, ही त्या काळच्या बहुतेक घराण्यांची रीत होती. विद्या हीच मालमत्ता असल्याने तिला कुलूप घालणे त्यांना स्वाभाविक वाटे. पण मुद्रणाला नकार देण्यामागे केवळ चोरीची भीती असावी, असे मला वाटत नाही. त्या काळच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटे मावत. ज्या गाण्यात एक विचार उमलावयास दहा आवर्तने लागतात, ते तीन मिनिटांत कोंबणे म्हणजे झाडाचे एक पान तोडून त्याला झाड म्हणण्यासारखे. शिवाय एकदा उमटलेली मैफल कायमची तशीच वाजत राहणार. उपजेच्या गायकाला ही कल्पना फारशी रुचणार नाही. कारण काहीही असो, नुकसान आपले झाले.

कोल्हापुरात त्यांच्याकडे आलेल्यांत भास्करबुवा बखले हे सर्वांत मोठे नाव. बुवा आले तेव्हा ते नवखे नव्हते. बडोद्याच्या फैजमहंमदखाँकडून ग्वाल्हेरची आणि नत्थनखाँकडून आग्र्याची तालीम त्यांना मिळाली होती, मैफलींत त्यांचा दबदबा होता. तरीही प्रौढ वयात त्यांनी खाँसाहेबांचा गंडा बांधला. तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात नांदू शकते, हे बुवांनी दाखवून दिले, आणि ती त्यांनी पुढे मास्तर कृष्णरावांपर्यंत पोहोचवली. याच मार्गाने खाँसाहेबांच्या गाण्याचा अंश मराठी रंगभूमीवरही गेला. बुवांनी १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या आणि बालगंधर्व त्या गाऊ लागले. वन्समोअर मिळाला की तेच पद पुन्हा, पण निराळ्या जागा घेऊन म्हणावयाचे, या बालगंधर्वांच्या रीतीतून ख्यालातली उपज तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचली. त्याला त्या क्रियेचे नाव ठाऊक नव्हते. दुसऱ्या वेळचे पद पहिल्यासारखे नव्हते, एवढे मात्र त्याला पक्के कळले होते. ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे हेही खाँसाहेबांच्या निकटवर्तीयांपैकी. त्यांनी पुढे खाँसाहेबांचे चरित्र लिहिले, म्हणून आपल्याला या गाण्याचे मर्म शब्दांत तरी गवसते.

१९२२ साल खाँसाहेबांना कठीण गेले. ८ एप्रिल रोजी भास्करबुवा वारले. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, ६ मे रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले. पट्टशिष्य गेला आणि आश्रयदाताही गेला. खाँसाहेब तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. या वयात माणूस मिळालेल्या मानमरातबावर उरलेले दिवस काढतो. खाँसाहेबांनी दरबाराचे आयुष्य मागे टाकून मुंबई गाठली. तेथे दरबार नव्हते. धनिक रसिक होते, त्यांच्या दिवाणखान्यांतल्या बैठका होत्या, आणि शिकवण्या होत्या. नव्या शहरात, नव्या अर्थव्यवस्थेत आपल्या विद्येची घडी त्यांनी पुन्हा बसवली. आमलेट्याला आवाजाच्या बाबतीत जे केले, तेच मुंबईत उपजीविकेच्या बाबतीत केले, असे म्हणावयास हरकत नसावी.

त्यांचे खरे उत्तराधिकारी या उत्तरायुष्यातच घडले, आणि त्यांतही गोव्याच्या दोन स्त्रिया अग्रभागी होत्या. केरी गावच्या केसरबाईंनी लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँकडे काही महिने, मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा अशा अनेकांकडे थोडे थोडे शिकून घेतले होते. १ जानेवारी १९२१ रोजी त्यांनी खाँसाहेबांचा गंडा बांधला, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. आधीचे गाणे विसरून पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागली. एकेक पलटा, एकेक राग महिनोन्महिने घोटला जाई. ही तालीम खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षे चालली.

दुसऱ्या मोगूबाई कुर्डीकर. नाटक कंपनी सुटल्यावर त्या सांगलीत राहून मेहनत करीत होत्या. खाँसाहेब त्या वेळी तेथे वैद्य आबासाहेब सांबारे यांचे औषध घेण्यास आले होते. रस्त्याने जाता-येता कानी पडणाऱ्या त्या मुलीच्या मेहनतीने ते थबकले आणि एके दिवशी सरळ घरात येऊन बसले. हे वृद्ध गृहस्थ कोण, हे मोगूबाईंना ठाऊकही नव्हते. तालीम सुरू झाली, पण खाँसाहेब मुंबईस गेले आणि ती खंडित झाली. मोगूबाई त्यांच्यामागे मुंबईस आल्या. तेथे गुरुबंधू-भगिनींमधील स्पर्धेमुळे वाट सोपी राहिली नाही. आग्रा घराण्याच्या बशीरखाँ आणि विलायत हुसेनखाँ यांच्याकडे, मग हैदरखाँकडे शिकून अखेर १९३४ साली त्या खाँसाहेबांच्या गंडाबंध शागीर्द झाल्या.

घरच्या मुलांत थोरले नसीरुद्दीन प्रकृतीमुळे मैफलीत फारसे आले नाहीत. मधले बदरुद्दीन ऊर्फ मंजीखाँ हे अत्यंत तेजस्वी गायक. बापाची विद्या जशीच्या तशी न गाता तिला स्वतःच्या स्वभावाचा भावपूर्ण रंग त्यांनी दिला. १९३७ साली ते अकाली गेले. ब्याऐंशी वर्षांच्या बापाला हा आघात सोसावा लागला. मंजीखाँकडे जेमतेम दीड वर्ष शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर मग धाकट्या भुर्जीखाँकडे गेले आणि त्यांच्याकडूनच ही गायकी पूर्णत्वाने घेतली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. केसरबाईंचा आकार भव्य, दमदार, एखाद्या राजवाड्याच्या जिन्यासारखा रुंद. मोगूबाईंचे गाणे लयीच्या अवघड कोपऱ्यांत सहज शिरून बाहेर येणारे, कसलाही डामडौल नसलेले. मन्सूरांची धाव अशी की, एक स्वरवाक्य संपण्यापूर्वी दुसरे त्याच्या पाठीवर येऊन बसते. यांपैकी खाँसाहेबांसारखे कोण गाई, असे विचारले तर उत्तर देता येणार नाही, आणि त्यांच्या मुद्रिकाच नसल्याने ताडूनही पाहता येणार नाही. त्यामुळे एक अनपेक्षित लाभ झाला असावा. नक्कल करावयास मूळ प्रतच उपलब्ध नव्हती. प्रत्येकाला हाती आलेल्या बियाण्यातून आपल्या जमिनीत आपले पीक काढणे भाग पडले. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी पुढे या गायकीत जे आमूलाग्र बदल केले, त्यावर घराण्याच्या कडव्या अभिमान्यांनी नाके मुरडली. परंतु ज्या मूळ पुरुषाने स्वतःचीच गायकी ऐन उमेदीत मोडून पुन्हा बांधली, त्याच्या नावाने बदलाला विरोध करणे मला तरी विसंगत वाटते. बदल चांगला की वाईट, हा वाद मात्र अवश्य व्हावा.

आयुष्याच्या अखेरच्या काळात खाँसाहेबांनी आपल्या आठवणी नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितल्या. नातवाने त्या उर्दूत टिपून ठेवल्या. त्यांचा इंग्रजी अनुवाद २००० साली कोलकात्याहून पुस्तकरूपाने निघाला, म्हणजे खाँसाहेबांच्या पश्चात चोपन्न वर्षांनी. दरबारांच्या, प्रवासाच्या, बुजुर्गांच्या हकिगती त्यात सापडतात. गाणे अर्थातच सापडत नाही.

गुरूप्रमाणेच केसरबाईंनाही यंत्राविषयी अढी होती. रेडिओला त्यांनी पुढे नकारच दिला. तरी त्यांच्या काही तबकड्या निघाल्या आणि त्यांतली भैरवीची एक, साडेतीन मिनिटांची, १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीसाठी निवडली गेली. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबरला पृथ्वी सोडली आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाईंचे निधन झाले. अत्रौली, जयपूर, कोल्हापूर, मुंबई असा प्रवास केलेल्या त्या तालमीचा एक तुकडा आता सूर्यमालेच्या सीमेपलीकडे गेला आहे. कोल्हापूरच्या धोंडुताई कुलकर्णी भुर्जीखाँकडे आणि मग केसरबाईंकडे शिकल्या. २०१४ साली निधन होईपर्यंत त्यांनी हीच विद्या मुंबईत आपल्या शिष्यांना दिली, समोर बसवून, तोंडी.